ताप नसलेल्या पिल्लांची गोष्ट

आपल्या होस्टेलच्या एखाद्या रूममध्ये टेक्स्टबुक सापडेलच याची खात्री देता येत नाही, पण दुखण्यावरची गोळी मात्र हमखास सापडते. क्रिकेट खेळताना पाय मुरगळला, घे गोळी. सबमिशनसाठी रात्रभर जागून डोकं ठणकलं, घे गोळी. मेसची भाजी खाऊन अंग मोडून आलं, तरी तीच गोळी! डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड ही नावं आपल्यातल्या कित्येकांना थर्मोडायनॅमिक्सच्या सूत्रांपेक्षा जास्त पाठ आहेत. सूज आणि वेदना कमी करणारी ही औषधं. माणसाच्या पोटात (डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे) गेली तर ती बिचारी आपलं काम करतात. पण तीच औषधं नऊ दिवसांच्या कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात गेली तर काय होतं, हे मी आमच्या घरी पाहिलं. त्याचीच ही हकीकत.

मेकॅनिकलचा मुलगा आणि कोंबड्यांवर लेख? हसा मित्रांनो, खुशाल हसा. पण आमच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षबाग नसेल तर पोल्ट्री, आणि पोल्ट्री नसेल तर पुण्याची नोकरी, असा सरळ हिशेब असतो. माझ्या चुलत्यांचं, म्हणजे आप्पांचं, चार हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे. पिल्लं, खाद्य, लस कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि रात्रीचं जागरण आप्पांचं. बॅच गेली की वजनावर पैसे मिळतात आणि मरतूक जास्त झाली की ते कापले जातात. शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र कुठल्याच मरतुकीने कापला जात नाही! माझ्या चुलत बहिणीची डिप्लोमाची फी याच शेडमधून निघते. त्यामुळे आमच्या घरी पिल्लू आजारी पडलं की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं वातावरण असतं.

एप्रिल २०२४ ची गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. पिल्लं नऊ दिवसांची झाली होती. दुपारी आप्पा शेडमध्ये गेले तर पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकत होती, पंख सैल सोडून बसली होती. आप्पांनी एक पिल्लू उचललं. हाताला ते चांगलंच तापलेलं लागलं. दुसरं उचललं, तेही तसंच. झालं! निदान पक्कं झालं : पिल्लांना ताप आलाय.

इथेच सगळ्या गोष्टीची मेख आहे. कोंबडीच्या अंगाचं नेहमीचं तापमानच मुळी ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपलं ३७. आपण ३९ ला गेलो तर घरात मीठ-मोहऱ्या ओवाळायला सुरुवात होते. म्हणजे अगदी ठणठणीत पिल्लूसुद्धा माणसाच्या हाताला तापलेलंच लागणार. आप्पांचा हात खोटं सांगत नव्हता. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर बरोबर होता, फक्त रेफरन्स चुकीचा होता. ती पिल्लं तापाने फणफणली नव्हती, उकाड्याने घाबरी झाली होती. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती धापा टाकून, म्हणजे श्वासावाटे पाणी उडवून बाहेर काढते. आपल्या कूलिंग टॉवरचंच तत्त्व! तेव्हा त्यांना हवे होते वर उचललेले पडदे, वाहती हवा आणि भरपूर थंड पाणी.

पण हे सगळं मी आज लिहितोय. त्या दुपारी कंपनीचे सुपरवायझर फोन उचलत नव्हते आणि शेजारच्या गावातल्या एका पोल्ट्रीवाल्याने आप्पांना सल्ला दिला, "पन्नास पिल्लांना एक गोळी, पाण्यातनं द्या. ताप झटक्यात उतरतोय." गोळी कुठली, तर डायक्लोफिनॅक, ५० मिलिग्रॅम. माणसांची. एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाली, पण दुकानात होत्या त्या सगळ्या मिळून १६०. शेडमध्ये मधोमध जाळी आहे आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन वेगळे ड्रम. गोळ्या अपुऱ्या म्हणून आप्पांनी दाराजवळच्या एकाच ड्रमात त्या कुटून टाकल्या. सकाळी ४०, संध्याकाळी ४०, असं दोन दिवस. दुसऱ्या बाजूला, "उद्या-परवा आणून घालू", असं ठरलं.

पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराकडच्या बाजूला वीसेक पिल्लं मेलेली. संध्याकाळी आणखी. तिसऱ्या दिवशी पहाटे काकू शेडमध्ये गेल्या आणि तशाच परत आल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसती रिकामी घमेली घेऊन पुन्हा गेल्या. मी त्याच दिवशी परीक्षा संपवून घरी पोचलो होतो. बॅग ओसरीवर टाकली आणि आप्पांबरोबर पाच पिल्लं पिशवीत घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर बोलायला तुटक, पण हात मात्र सर्जनचा. आप्पा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पिल्लं गळायला लागलीत ओ." डॉक्टरांनी एक पिल्लू उताणं ठेवलं आणि कात्रीने पोट उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा शवविच्छेदन पाहत होतो. मला वाटलं होतं रक्त दिसेल. दिसला तो चुना! हृदयावर पांढरा थर, यकृतावर पांढरी पूड, जणू कुणी खडू किसून आत भुरभुरलाय. पाठीच्या हाडाच्या खोबणीत बसलेली मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली आणि त्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या पांढऱ्या लगद्याने गच्च भरलेल्या. दुसरं पिल्लू उघडलं. तेच. पाचही पिल्लांत तेच.

"व्हिसरल गाउट," डॉक्टर म्हणाले. "पाण्यातनं काय दिलं?"

आप्पांनी खिशातून रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली.

आता हा चुना आला कुठून? मला हे समजून घ्यायला दोन-तीन दिवस लागले, तुम्हाला दोन-तीन परिच्छेदांत सांगतो.

आपल्या शरीरात प्रथिनांचा जो कचरा तयार होतो तो आपण युरियाच्या रूपात बाहेर टाकतो. युरिया पाण्यात झटकन विरघळतो. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांचा कचरा म्हणजे युरिक ॲसिड, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पार्किंगमधल्या गाड्यांवर कबुतरं जी पांढरी नक्षी काढतात ना, ते हेच! निसर्गाने ही सोय मुद्दाम केलीय. अंड्यात वाढणाऱ्या जिवाला कचरा बाहेर टाकायला जागा नसते. तो न विरघळता एका बाजूला पडून राहिला तरच तो जीव जगतो. शिवाय पाणीही वाचतं.

पण प्रत्येक डिझाइनची एक किंमत असते. आपली ड्रेनेज लाइन पाण्याची, तर पक्ष्याची स्लरीची. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकलोय की साध्या पाण्याचा प्रवाह मंदावला तर ते नुसतं सावकाश वाहतं. स्लरीचा प्रवाह एका मर्यादेखाली मंदावला की गाळ खाली बसतो आणि पाइप चोक होतो. पक्ष्याच्या मूत्रपिंडाचं तेच होतं. शिवाय त्यातलं बहुतेक युरिक ॲसिड नुसतं गाळलं जात नाही. मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी ते रक्तातून ओढून बाहेर ढकलतात, अगदी पंपासारखं. पंप बंद पडला की रक्तातलं युरिक ॲसिड चढत जातं आणि शेवटी जागा मिळेल तिथे स्फटिक होऊन बसतं. हृदयावर, यकृतावर, सांध्यांत. तोच तो चुना.

औषध इथे काय करतं? जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिलं, की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाहीत. या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की सूज कमी, वेदना कमी, ताप कमी. पण हेच प्रोस्टाग्लँडिन शरीरातलं पाणी कमी पडल्यावर मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं कामही करतात. म्हणजे धापा टाकून सुकलेल्या पिल्लाला ज्या क्षणी त्यांची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच क्षणी आपण ते काढून घेतो. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी कोंबडीच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर प्रयोग केले, तेव्हा डायक्लोफिनॅक त्या पेशींनाच मारतं आणि युरिक ॲसिड बाहेर ढकलायची यंत्रणाही बिघडवतं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. थोडक्यात काय, तर पाणीही कमी आणि पंपही बंद.

आता डोसचा हिशेब बघा. "पन्नास पिल्लांना एक गोळी" ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण एक गोळी ५० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येक पिल्लाला एका वेळी १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. नऊ दिवसांच्या पिल्लाचं वजन धरा पाव किलो. म्हणजे दिवसाला किलोमागे ८ मिलिग्रॅम झालं. माझं वजन ६० किलो. याच हिशेबाने मला द्यायचं झालं तर दिवसाला जवळजवळ दहा गोळ्या! मोठ्या कोंबड्यांवर झालेल्या प्रयोगात किलोमागे साधारण १० मिलिग्रॅमला निम्म्या कोंबड्या दगावतात असं निघालंय. आमची तर पिल्लं होती, तीही उन्हाने अर्धमेली.

आणि ८ हा आकडासुद्धा सरासरी. औषध पाण्यातून दिलं की डोस डॉक्टर ठरवत नाही, तहान ठरवते. आमच्या पिल्लांनी त्या उन्हात सरासरी शंभर मिली पाणी प्यायलं असेल, तर जास्त तहानलेल्याने दीडशे प्यायलं, म्हणजे त्याचा डोस दीडपट. जितका उकाडा जास्त तितकी तहान जास्त, आणि तितकंच विष जास्त. कंट्रोल सिस्टिममध्ये ज्याला ओपन लूप म्हणतात ना, त्याचं याहून वाईट उदाहरण मी पाहिलेलं नाही. त्यात कुटलेल्या गोळ्यांची पूड ड्रमच्या तळाशी बसते आणि नळ्या निघतात त्याही तळातूनच. कुणाच्या चोचीत किती गेलं, देवालाच ठाऊक.

डॉक्टर मात्र घाईने बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "पांढरा थर दिसला म्हणजे औषधच, असं नसतं. पाणी कमी पडलं, खाद्यात कॅल्शियम जास्त झालं, ब्राँकायटिसच्या विषाणूने मूत्रपिंड धरलं, तरी असंच दिसतं. दुसऱ्या बाजूची किती मेली?"

हा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आमच्याकडे होतं, कारण काकू दोन्ही बाजूंची मरतूक रोज कॅलेंडरवर वेगवेगळी लिहितात. मी घरी येऊन ते आकडे वहीत मांडले. बॅचची पिल्लं एकाच दिवशी आलेली, खाद्य एक, लस एक, छप्पर एक, उकाडा एक. फरक फक्त ड्रमचा. पाच दिवसांत दाराकडच्या दोन हजारांतली ४३० गेली. जाळीपलीकडच्या दोन हजारांतली २६. आपण लॅबमध्ये कंट्रोल आणि टेस्ट असे दोन सेट लावतो ना? आमच्या शेडमध्ये ते मेडिकलमधला साठा संपल्यामुळे आपोआप लागले होते. एका शेडवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण वही बघून डॉक्टरांनी पहिल्यांदा मान हलवली.

यावर उतारा असा नाहीच. ड्रम रिकामा करून घासला, पडदे वर घेतले, फॉगर लावले, ताजं थंड पाणी आणि इलेक्ट्रोलाइट सुरू केले. ज्यांची मूत्रपिंडं शाबूत होती ती तगली. मेलेली पिल्लं उकिरड्यावर न टाकता खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "कुत्र्या-घारींच्या तोंडी लागू देऊ नका. गिधाडांचं काय झालं माहितेय ना?"

मला माहीत नव्हतं. आप्पांना अर्धंच माहीत होतं. खड्डा खणताना ते म्हणाले, की त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा उरायचा. मग एकाएकी ती यायचीच बंद झाली. गावात लोक म्हणायचे, कलियुग आलं.

कलियुग नव्हतं, हीच गोळी होती. १९९० नंतर गाई-बैलांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास वापरलं जाऊ लागलं. ढोर मेलं की औषध मांसात, मांस गिधाडाच्या पोटात. विभू प्रकाश या पक्षितज्ज्ञांनी भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडं घटत असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. म्हणजे हजारात एक उरलं! कारण मात्र कुणाला कळेना. शेवटी २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून ते शोधून काढलं. त्या गिधाडांच्या पोटात काय दिसलं असेल? बरोबर. चुना. गिधाडाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतकं डायक्लोफिनॅक पुरतं. कोंबडी त्याच्या कितीतरी पट सोसते, आपण माणसं आणखी वेगळी. अमेरिकेतलं टर्की व्हल्चर तर कोंबडीपेक्षाही जास्त सोसतं. दिसायला सगळे पक्षीच, पण आतली मशिनरी प्रत्येकाची निराळी.

२००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या, एका वेळच्या पॅकमध्येच विकायचं असं ठरलं. मग बदली म्हणून आलेली काही औषधंही तितकीच वाईट निघाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड, सगळी जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम मात्र त्याच कुळातलं असून गिधाडांना मानवतं. म्हणजे सगळं कूळच वाईट असंही नाही. प्रत्येक औषध आणि प्रत्येक प्राणी, अशी जोडी स्वतंत्रपणे तपासावी लागते. आपण नाही का, २३० व्होल्टचा पंखा ११० व्होल्टच्या लाइनला "चालेल की" म्हणून लावत? मग औषधाच्या बाबतीत "माणसाला चालतं तर कोंबडीला का नाही?" असं कसं म्हणतो? बाटलीत औषध किंवा विष असं काही वेगळं भरलेलं नसतं. ते कुणाच्या शरीरात, किती वजनाच्या, किती तहानलेल्या शरीरात जातंय, त्यावर ते काय होणार हे ठरतं.

त्या बॅचचे पैसे कापले गेले. बहिणीच्या फीसाठी आजीने पाटल्या काढून दिल्या. आप्पांना कुणी बोललं नाही, पण ते बरेच दिवस स्वतःशीच हिशेब करत असायचे. त्यांचं दुःख पैशाचं होतंच, पण त्याहून वेगळंही होतं. एकदा संध्याकाळी शेडच्या कट्ट्यावर बसले असताना म्हणाले, "उपाशी मारली असती तर कसाई म्हटलं असतं लोकांनी. मी तर औषध दिलं रे."

यावर काय बोलायचं, हे सहा सेमिस्टरमध्ये कुणी शिकवलेलं नाही. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून दोन थर्मामीटर आणले. एक शेडच्या हवेचं, खालून पिल्लांच्या उंचीवर टांगलं. दुसरं डिजिटल, पिल्लाचं तापमान घ्यायचं. शेजारी पत्र्यावर आप्पांनी ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं : "कोंबडीचा नॉर्मल ४१." त्याखाली दवाखान्याचा नंबर.

परवा फोनवर काकू सांगत होत्या, तो सल्ला देणारा पोल्ट्रीवाला आला होता. त्याची पिल्लं धापा टाकत होती. आप्पांनी त्याला पत्र्यासमोर उभं केलं, त्याच्या हातात थर्मामीटर दिलं आणि विचारलं, "पडदे किती वाजता उचलतोस?"

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी